लिटरेचरचा थिसिस, इकॉनॉमिक्सचा थिसिस आणि ते चार टक्के

लिटरेचरवाल्यांना वाटतं की इकॉनॉमिक्सचा थिसिस म्हणजे डेटा डाउनलोड करायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, आकड्यापुढे स्टार (निकाल निव्वळ योगायोगाचा नसावा याची खूण) आला का बघायचं आणि सबमिट. इकॉनॉमिक्सवाल्यांना वाटतं की लिटरेचरचा थिसिस म्हणजे कादंबरी वाचायची, आपल्याला काय वाटलं ते पन्नास पानं लिहायचं, मध्ये मध्ये "सत्ता", "देह", "अवकाश" असले शब्द पेरायचे की झालं काम. मी डबल मेजर, म्हणजे दोन्ही विषयांत पदवी केलेली असल्यामुळे दोन्हीकडच्या गप्पा ऐकल्यात, दोन्हीकडची टिंगल पण ऐकलीय, आणि आता ज्युनियर लोक ड्राफ्ट पाठवतात ते वाचून माझं मत पक्कं झालंय की दोन्ही मंडळी एकमेकांबद्दल जे बोलतात ते वाईट थिसिसबद्दल अगदी बरोबर असतं. चांगला थिसिस मात्र दोन्हीकडे सारखाच दिसतो. हातातला पुरावा कुठून आला, कोणी तयार केला, त्यात काय दाबलं गेलं हे ज्याने नीट वाचलंय त्याचा थिसिस चांगला, मग तो पुरावा कवितेची ओळ असो नाहीतर एक्सेलचा कॉलम.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनर्स थिसिस म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षी, एका गाइडच्या हाताखाली, स्वतः निवडलेल्या प्रश्नावर केलेलं मोठं काम. नियम जागोजागी वेगळे. प्रिन्स्टनमध्ये जवळपास सगळ्यांनाच सीनियर थिसिस लिहावा लागतो, रीड कॉलेजात तर त्याशिवाय पदवीच मिळत नाही, आणि स्वार्थमोर कॉलेजने १९२०च्या दशकात फ्रँक एडलॉट प्रेसिडेंट असताना एक वेगळीच पद्धत सुरू केली, तिथे ऑनर्सच्या मुलांची परीक्षा घ्यायला बाहेरच्या संस्थांमधले प्राध्यापक येतात. मला ही आयडिया फार आवडते कारण ज्याने शिकवलं तोच मार्क देणार असेल तर मुलं त्याला काय आवडतं तेच लिहितात, आणि समोर अनोळखी माणूस बसणार आहे म्हटलं की आपोआप प्रत्येक वाक्याला "हे कशावरून?" विचारायची सवय लागते.

पहिली मारामारी विषयावरून होते. दर वर्षी तेच. कोणी "जागतिकीकरण आणि रोजगार" घेऊन येतं, कोणी "आधुनिक कादंबरीतली स्त्री", आणि दोघांनाही वाटत असतं की विषय जेवढा मोठा तेवढा थिसिस भारी. अरे बाबा, त्यावर लोकांनी अख्खी आयुष्यं घालवलीत, तू दोन सेमिस्टरमध्ये काय करणार. पुढे कवयित्री म्हणून गाजलेल्या सिल्व्हिया प्लाथने १९५५ मध्ये स्मिथ कॉलेजात ऑनर्स थिसिस लिहिला, तो रशियन कादंबरीकार दोस्तोयव्हस्कीवर होता. पण "दोस्तोयव्हस्की आणि मानवी मन" असलं काही नाही, त्याच्या फक्त दोन कादंबऱ्या घेतल्या, आणि त्या दोनमध्येही एकच गोष्ट धरली, माणसाचं दुसरं रूप, त्याचा जोडीदार म्हणा किंवा प्रतिबिंब म्हणा. एवढंच. आणि ती काही कमी वाचणारी मुलगी नव्हती, मोठा विषय तिला झेपला नसता असंही नाही. विषय लहान करणं म्हणजे माघार घेणं नाही, उलट हातात काहीतरी पकडता येईल अशी जागा शोधणं.

किती लहान? एक उदाहरण मी सगळ्यांना देते, कारण ते दोन्ही डिपार्टमेंटला चालतं. जेन ऑस्टिनच्या प्राइड अँड प्रेज्युडिसमध्ये (१८१३) तो कॉलिन्स नावाचा पाद्री नायिकेला, एलिझाबेथ बेनेटला, मागणी घालतो तो प्रसंग. काय माणूस आहे! आता माझ्या प्रेमाची तीव्रता तुला सांगायची तेवढी राहिली असं म्हणतो, लगेच पुढे म्हणतो की पैशाच्या बाबतीत मी अगदी बेफिकीर आहे, आणि त्याच दमात तिला ऐकवतो की तुला मिळून मिळून मिळणार किती तर एक हजार पौंड, ते पण चार टक्क्यांच्या सरकारी रोख्यांत अडकलेले, आणि ते पण तुझी आई गेल्यावर. म्हणजे गड्याने प्रपोज करायला येण्याआधी व्याजाचा दर पाहून ठेवलाय.

आता लिटरेचरची मुलगी इथे काय करेल? आधी हसेल, मग थांबून विचारेल की या कादंबरीत आकडे बोलतं कोण? कॉलिन्स बोलतो. एलिझाबेथची आई बोलते, सारखी बोलते. डार्सी नावाचा श्रीमंत तरुण नाचाच्या हॉलमध्ये शिरल्यावर पाच मिनिटांत सगळीकडे बातमी फिरते की याचं वर्षाचं उत्पन्न दहा हजार पौंड, पण ती नक्की कोणाच्या तोंडून निघाली ते सांगितलेलंच नाही, ती नुसती हवेत आहे. मग तिचा पहिला दावा तयार होतो की या कादंबरीत जो पैशाचा आकडा मोठ्याने बोलतो तो हास्यास्पद ठरतो. छान वाटतो ना दावा? बऱ्याच जणी इथेच थांबतात आणि पुढची तीस पानं याच्याच समर्थनाची उदाहरणं गोळा करत बसतात. पण सातव्या प्रकरणाची सुरुवात उघडा. तिथे खुद्द निवेदिकाच अगदी कोरडेपणाने सांगते की बेनेटसाहेबांची (एलिझाबेथच्या वडिलांची) इस्टेट वर्षाला दोन हजारांची, ती वारसाहक्काच्या अटीमुळे मुलींना न मिळता दूरच्या नातेवाइकाला जाणार, आणि बायकोला तिच्या वडिलांकडून चार हजार मिळाले होते. आता निवेदिका काय हास्यास्पद आहे का? नाही. मग दावा मोडला? तसंही नाही, तो बदलला, आणि बदलला म्हणूनच आता खरा थिसिस सुरू झाला. आकडा वाचकाला सांगणं वेगळं आणि माणसाने माणसाच्या तोंडावर सांगणं वेगळं, मधला फरक कशाचा, आणि ज्या आकड्यावर सगळ्या मुलींचं भवितव्य टांगलंय तो आकडा बोलायला अख्ख्या कादंबरीत सभ्य जागाच का नाही. याच्यावर पन्नास पानं लिहिता येतात आणि एकही पान फुकट जात नाही.

इकॉनॉमिक्सचा मुलगा त्याच ओळीवर दुसरीकडून येतो. एक हजाराचे चार टक्के म्हणजे वर्षाला चाळीस पौंड. बाप जिवंत असताना घर दोन हजारांवर चालतंय आणि नंतर मुलीच्या हातात चाळीस, म्हणजे ही घसरण केवढी. मग प्रश्न, जमीन मिळत नाही अशा बायकांचा पैसा खरंच सरकारी रोख्यांत जात होता का? नेपोलियनच्या युद्धांमुळे ब्रिटिश सरकार प्रचंड कर्ज काढत होतं, रोखे घेणाऱ्यांची खाती बँक ऑफ इंग्लंडच्या वह्यांमध्ये होती, आणि बँकेने कित्येक शतकांचे व्याजदर, किमती वगैरेंची एक मोठी डेटाफाइल सगळ्यांसाठी खुली ठेवलीय. त्या मुलाला कादंबरीशी पुढे काही घेणंदेणं नसलं तरी चालेल. पण त्याने पण एक गोष्ट विसरायची नाही, की कॉलिन्सचे चार टक्के हा डेटा नाही. तो आकडा एका बाईने कथेत एका मूर्ख माणसाच्या तोंडी घातलाय. तो वापरायचा असेल तर "ऑस्टिनच्या वाचकांना हा दर ओळखीचा वाटत असणार" इतपतच वापरता येतो, त्यापुढे नाही. थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने संपत्तीच्या विषमतेवरच्या त्याच्या जाडजूड पुस्तकात ऑस्टिन आणि बाल्झाक असेच वापरलेत, संपत्तीवरचं उत्पन्न आणि कामाची कमाई यातलं अंतर त्या काळच्या वाचकाला किती सवयीचं होतं ते दाखवायला, आणि मूळ पुरावा मात्र कराच्या आणि वारशाच्या नोंदींतून घेतलाय. हा फरक ज्याला कळला त्याला अर्धा थिसिस कळला.

बरं, इकॉनॉमिक्सचा प्रश्न म्हणजे डेटाच पाहिजे असंही काही नाही हो. रोनाल्ड कोस नावाचा एकविशीतला पोरगा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बी. कॉम. करत होता. त्याच्या प्राध्यापकाने, अर्नोल्ड प्लांटने, शिकवलं की बाजार किमतींच्या जोरावर आपोआप सगळं जुळवून आणतो. याला शंका आली की मग एवढ्या मोठ्या कंपन्या कशाला आहेत, ज्यांच्या आत बाजार नसतो, साहेब सांगतो आणि माणूस करतो? १९३१ मध्ये स्कॉलरशिपवर अमेरिकेला गेला, कारखाने हिंडला, लोकांना विचारत बसला की तुम्ही हा पार्ट बाहेरून विकत का घेता आणि तो स्वतः का बनवता. उत्तर सापडलं ते असं की बाजार वापरायलाही खर्च येतो, भाव शोधा, घासाघीस करा, करार लिहा. १९३७ मध्ये त्यावरचा त्याचा लेख छापून आला आणि १९९१ मध्ये नोबेल मिळालं तेव्हा त्यात त्या लेखाचा मोठा वाटा होता. आता प्रत्येकाचं असं होणार नाही हे उघड आहे, पण मला त्यात आवडतो तो प्रश्न विचारायचा निरागसपणा. वर्गात जे शिकवलं आणि रस्त्यावर जे दिसतंय ते जुळत नाहीये, एवढंच. आजकालचे प्रपोजल वाचले की आधी मेथड ठरलेली असते, मग तिला साजेसा प्रश्न शोधलेला असतो, आणि ते पहिल्या पानावरच कळतं.

तरी बहुतेकांचा थिसिस डेटावरच असतो, तर त्याबद्दल बोलू. इथे मला लिटरेचरची सवय सगळ्यात जास्त कामी येते असं वाटतं, आणि इकॉनॉमिक्सच्या मित्रांना हे पटवता पटवता नाकी नऊ येतात. कार्ड आणि क्रूगर या अर्थतज्ज्ञांचा १९९४ चा किमान वेतनाचा पेपर सगळ्यांनी वाचलेला असतो, निदान स्लाइडवर पाहिलेला तरी असतो. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन तासाला ४.२५ डॉलरवरून ५.०५ केलं, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केलं नाही, मग दोन्हीकडच्या ४१० फास्ट फूड रेस्टॉरंटमध्ये आधी आणि नंतर किती लोक कामाला आहेत ते मोजलं. पुस्तकी हिशोबाने न्यू जर्सीत नोकऱ्या घटायला हव्या होत्या. दर दुकानामागे माणसांची सरासरी न्यू जर्सीत २०.४४ वरून २१.०३ झाली आणि पेनसिल्व्हेनियात २३.३३ वरून २१.१७. एका राज्यातल्या बदलातून दुसऱ्यातला बदल वजा केला, म्हणजे फरकाचा फरक काढला, की पेपरात २.७६ (वरचे गोल केलेले आकडे धरले तर २.७५). हा आकडा मुलं पाठ करतात. पण मी विचारते, २०.४४ माणसं म्हणजे काय रे? पॉइंट चव्वेचाळीस माणूस कुठे उभा होता?

तर ते असं की फुलटाइम माणूस एक, मॅनेजर एक, पार्टटाइम माणूस अर्धा. हा अर्धा कोणी ठरवला? संशोधकांनी ठरवला, ठरवायलाच लागतो, त्यात लबाडी काही नाही आणि पेपरात ते स्वच्छ लिहिलंय. पण ठरवल्याबरोबर तो अर्धा माणूस डेटाचा भाग झाला आणि आता कॉलममध्ये तो दिसतच नाही. आणि ही माहिती गोळा केली कशी? मुख्यतः फोनवर. म्हणजे गर्दीच्या धंद्यात कोणीतरी मॅनेजर फोन उचलतो, समोरचा विचारतो तुमच्याकडे किती लोक फुलटाइम, किती पार्टटाइम, आणि हा डोक्यातून सांगतो. पुढे न्यूमार्क आणि वॉशर यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं, फोनऐवजी पगाराच्या नोंदी वापरल्या तर निकाल उलटा दिसतो म्हणाले, मग २००० मध्ये कार्ड-क्रूगरनी सरकारी नोंदी वापरून उत्तर दिलं, आणि वाद बराच काळ चालला. कार्डला २०२१ मध्ये नोबेल मिळालं (क्रूगर त्याआधी दोन वर्षं गेला होता). माझा मुद्दा कोण जिंकलं हा नाहीये. मुद्दा हा की एवढ्या मोठ्या लोकांची भांडणं शेवटी "हे वाक्य कोणी, कोणाला, कुठल्या परिस्थितीत सांगितलं" यावर आली, आणि हा प्रश्न कवितेच्या वर्गात पहिल्या आठवड्यात विचारायला शिकवतात.

म्हणून डेटा हातात आला की लगेच रिग्रेशन (एका गोष्टीचा दुसरीशी संबंध आकड्यांत काढायचं गणित) चालवू नका. आधी त्याची प्रश्नावली शोधा. कोडबुक, म्हणजे कुठल्या कॉलमचा आणि कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणारं पीडीएफ, कंटाळवाणं असतं मान्य आहे, पण ते कथेसारखं पहिल्या पानापासून वाचा. "बेरोजगार" कोणाला म्हटलंय, गेल्या आठवड्यात काम शोधलं त्याला की गेल्या महिन्यात? घरातल्या कोणाशी बोलले, आणि त्याने बाकीच्यांबद्दल सांगितलेलं तसंच लिहून घेतलं का? ९९ म्हणजे खरंच ९९ की "उत्तर दिलं नाही"? हा शेवटचा प्रकार दिसायला किरकोळ, पण सरासरी वय किंवा सरासरी शिक्षण कुठेतरी आभाळाला टेकलेलं दिसलं की नव्वद टक्के वेळा तो ९९ च असतो.

आणि दुसऱ्याचं काम परत करून बघणे, ज्याला रेप्लिकेशन म्हणतात, ते कमीपणाचं समजू नका. २०१० मध्ये राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा पेपर आला होता, सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलं की देशाची वाढ सरासरी उणे ०.१ टक्का होते असा, आणि खर्चकपातीच्या बाजूचे राजकारणी तो जिथे तिथे फेकून मारत होते. थॉमस हर्नडन नावाचा मॅसॅच्युसेट्स अ‍ॅमहर्स्टचा विद्यार्थी, तो पीएचडीचा होता पण काम कोर्सच्या असाइनमेंटचं होतं, त्याला हा आकडा काही केल्या येईना. शेवटी लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवली तर सरासरीचा फॉर्म्युला ३० ते ४९ ऐवजी ३० ते ४४ ओळींचाच, पाच देश बाहेरच राहिले. शिवाय काही वर्षांचा डेटा वगळलेला आणि देशांना वजन देण्याची पद्धतही विचित्र. सगळं धरून २०१३ मध्ये त्याने आणि त्याच्या दोन प्राध्यापकांनी आकडा काढला तो अधिक २.२ टक्के. आता बघा, फाइल उघडून सेलवर क्लिक करून फॉर्म्युला वाचणे याला काय मोठं गणित लागतं? काही नाही. वाचायची चिकाटी लागते. ऑनर्सच्या मुलाने एखादा गाजलेला पेपर घेऊन तो परत करणे आणि मग त्यात एकच गोष्ट बदलून बघणे, याच्याइतका सुरक्षित आणि इमानदार प्रोजेक्ट मला तरी माहीत नाही, पण मुलांना "ओरिजिनल" पाहिजे असतं.

आता उलट बाजू, कारण फक्त इकॉनॉमिक्सला शिकवतेय असं वाटायला नको. लिटरेचरच्या ड्राफ्टमधला सगळ्यात मोठा रोग म्हणजे कुठलंही वाक्य खोटं ठरण्याची सोयच नसणे. "कवी इथे ओळखीच्या सीमारेषांशी झगडतो." बरं, मग? कुठली ओळ दाखवली तर तू म्हणशील की नाही बुवा, इथे झगडत नाही? याला उत्तर नसेल तर ते वाक्य अभिप्राय आहे, दावा नाही. इकॉनॉमिक्सच्या मुलाला निदान गाइड विचारतो की निकाल उलटा आला असता तर काय केलं असतं. लिटरेचरमध्ये हे स्वतःच स्वतःला विचारायला लागतं, आणि माझा नियम साधा आहे, तुझ्या दाव्याला सगळ्यात जास्त त्रास देणारी ओळ शोध आणि ती दुसऱ्या चॅप्टरच्या मध्यावर ठेव, तळटीपेत लपवू नको.

आणि वाचन म्हणजे काय हे गृहीत धरू नका. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकाने एक भन्नाट प्रयोग केला होता, विद्यार्थ्यांना कविता द्यायच्या, पण कवीचं नाव काढून टाकायचं, आणि काय वाटलं ते लिहून आणायला सांगायचं. १९२९ च्या पुस्तकात त्याने तशा तेरा कविता आणि त्यावर मुलांनी लिहिलेलं छापलं. चांगली शिकलीसवरलेली मुलं, पण साधा सरळ अर्थ चुकवतात, नावाजलेल्या कवीला बिनधास्त झोडपतात आणि टुकार कवितेवर फिदा होतात, आणि बरेचदा कवितेतलं न वाचता स्वतःच्या आठवणी वाचतात. गंमत म्हणजे हा एका अर्थाने डेटाच होता, वाचकांचा डेटा. आणि त्याच रिचर्ड्सच्या हाताखाली विल्यम एम्पसन नावाचा मुलगा होता, आधी गणित केलेला, मग इंग्लिशला आलेला. पदवीच्या वर्गासाठी केलेल्या त्या कामातून त्याचं संदिग्धतेच्या सात प्रकारांवरचं पुस्तक निघालं, १९३० मध्ये, तेव्हा तो चोविशीचा. एका ओळीचे किती अर्थ एकाच वेळी उभे राहू शकतात हे तो अक्षरशः मांडून दाखवतो, हा एक, हा दुसरा, हा पहिल्याला छेद देणारा. सगळं पटतंच असं नाही, काही ठिकाणी तो जास्तच ताणतो असं माझं मत, पण कुठे ताणतोय ते बोट ठेवून सांगता येतं, आणि तेच तर पाहिजे. ज्याच्याशी भांडता येतं तो थिसिस.

दोन्ही विषय एकत्र करायचेत असं म्हणणारे पण हल्ली बरेच भेटतात. त्यात एक सापळा आहे. कादंबऱ्यांची टेक्स्ट फाइल घ्यायची, "पैसा" हा शब्द किती वेळा आला ते मोजायचं, ग्राफ काढायचा आणि म्हणायचं की समाज पैशाकडे झुकला. अरे, कॉलिन्स पैशाचा शब्दही वापरतो आणि पैशाबद्दल बेफिकीर आहे असंही म्हणतो, तुमचा ग्राफ त्याला कुठे टाकणार?

मोजायचंच असेल तर कसं मोजायचं याचा चांगला नमुना खुद्द इकॉनॉमिक्समध्ये आहे. बेकर, ब्लूम आणि डेव्हिस या अर्थतज्ज्ञांनी सरकारी धोरणाबद्दलची अनिश्चितता मोजायला एक इंडेक्स बनवला, पेपर २०१६ चा. अमेरिकेतली दहा मोठी वर्तमानपत्रं घेतली आणि ज्या बातमीत अर्थव्यवस्था, अनिश्चितता आणि धोरणाशी संबंधित शब्द (काँग्रेस, तूट, फेडरल रिझर्व्ह, व्हाइट हाउस वगैरे) हे तिन्ही येतात अशा बातम्या मोजल्या. इथपर्यंत सोपं. पण मग त्यांना तोच प्रश्न पडला जो कुठल्याही मराठीच्या नाहीतर इंग्लिशच्या मास्तरांना पडेल, की शब्द आला म्हणजे अर्थ आला का? अनिश्चितता कमी झाली अशी बातमी असली तरी शब्द तर आलाच ना. म्हणून विद्यार्थ्यांच्या टीमला बसवून सुमारे बारा हजार बातम्या माणसांकडून वाचून घेतल्या, त्यासाठी जाडजूड सूचनापुस्तिका लिहिली, कशाला धोरणाची अनिश्चितता म्हणायचं आणि कशाला नाही, आणि मग मशीनचा निकाल माणसांच्या निकालाशी ताडून बघितला. क्लोज रीडिंगच (ओळ न् ओळ बारकाईने वाचणं) आहे की हे, फक्त पाट्या टाकल्यासारखं एवढ्या बातम्या वाचायला लागल्या बिचाऱ्यांना. ऑनर्सच्या मुलाला बारा हजार जमणार नाहीत, पण दोनशे जमतात. दोनशे स्वतः वाचा, तेच दोनशे मित्राला पण वाचायला द्या, तुमचं किती ठिकाणी जमलं नाही ते मोजा, आणि जिथे जमलं नाही तिथे काय लिहिलं होतं त्यावर एक आख्खा चॅप्टर लिहा. माझ्या मते तोच चॅप्टर सगळ्यात वाचनीय होईल.

एक पर्याय असाही की एकत्र न करता दोन वेगळे करायचे. डेव्हिड फॉस्टर वॉलेस या अमेरिकन लेखकाने १९८५ मध्ये अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात दोन थिसिस दिले होते, इंग्लिशला कादंबरी आणि फिलॉसॉफीला नियतिवादावरचा तर्कशास्त्राचा निबंध, आणि ती कादंबरी दोन वर्षांनी छापून पण आली. ग्रेट आहे, पण कृपा करून हे आदर्श म्हणून डोळ्यापुढे ठेवू नका, झोप नावाची पण एक गोष्ट असते.

जॉइंट थिसिस करणार असाल तर गाइड दोन असतात, आणि तिथे एकच काम सुरुवातीलाच करून घ्या. दोघांना एकाच खोलीत बसवा (वेगवेगळं भेटलात की एक म्हणतो मॉडेल वाढव, दुसरा म्हणतो मॉडेल कशाला) आणि विचारा की कुठला चॅप्टर कोणाच्या नियमाने तपासणार. इकॉनॉमिक्सचा माणूस तीस पानांत थिसिस संपला तर खूश होतो, प्रश्न पहिल्या पानावर आणि उत्तर दुसऱ्या पानावर मागतो, सस्पेन्स त्याला अजिबात चालत नाही. लिटरेचरच्या माणसाला पहिल्याच पानावर निष्कर्ष दिसला तर तो म्हणतो मग पुढे वाचू कशाला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि मधल्या मधे तुमचं सँडविच होतं. ठरलेलं लिहून ईमेल करा, तोंडी नको.

राहता राहिला निकाल न येण्याचा प्रश्न, कारण मार्च-एप्रिलच्या आसपास सगळ्यात रडवेले मेसेज यावरच येतात. "ताई, काहीच सिग्निफिकंट येत नाहीये, काय करू?" आधी हे बघ की "परिणाम नाही" असं दिसतंय की "परिणाम आहे की नाही हे एवढ्याशा डेटातून कळतच नाहीये" असं दिसतंय. कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे खरा परिणाम ज्या दोन आकड्यांच्या मध्ये असू शकतो ती पट्टी, बघ. ती शून्याच्या आजूबाजूला घट्ट बसली असेल तर तुला उत्तर मिळालंय, मोठा परिणाम नाही हे पण उत्तरच आहे, ठणकावून लिही. ती इकडून तिकडे पसरलेली असेल तर तसं लिही, आणि का पसरलीय ते सांग, लोक कमी होते की मोजमाप ढिलं होतं. चौदा वेगवेगळी मॉडेलं चालवून ज्यात स्टार आला तेवढंच टेबल लावलंस तर परीक्षकाला ते कळतं, त्याने स्वतः पण कधीतरी केलेलं असतं. लिटरेचरमध्येही हे होतं बरं का, सगळी कादंबरी परत वाचल्यावर लक्षात येतं की आपला पॅटर्न फक्त पहिल्या शंभर पानांत आहे. मग थिसिस शंभराव्या पानावर काय बदललं यावर कर. गाइडला विचारून टायटल बदलता येतं, बहुतेक ठिकाणी त्याचा एक छोटा फॉर्म असतो, त्याची तारीख मात्र आजच बघून ठेव.